पोरांना घेऊन पेठेतल्या लायब्ररीत: माझा अनुभव

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सुट्टीच्या आधी तोच विषय निघतो, मुलांना वाचनाची गोडी कशी लावायची. मग कुणी वर्कशॉपची जाहिरात टाकतं, कुणी दर महिन्याला घरी येणाऱ्या पुस्तकांच्या बॉक्सचं कौतुक करतं. लायब्ररीचं नाव निघालंच तर लगेच "अगं तिथे सगळी रिटायर्ड मंडळी, आपली पोरं दंगा घालणार, नको बाई". आम्ही कोथरूडहून पेठेतल्या लायब्ररीत पोरांना घेऊन जातो हे कळल्यापासून वेगवेगळ्या आया मला लिफ्टमध्ये गाठून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. थोरली दुसरीत आहे, धाकटा अजून चारचा व्हायचाय.

माझं मत आधीच सांगते. लहान पोरांना आधी लायब्ररी आवडते, पुस्तकं नंतर. जिना, कार्ड, काऊंटर, तारखेचा शिक्का, कपाटाचं करकरणारं दार, हे सगळं त्यांच्या दृष्टीने खरं आकर्षण असतं आणि आपण मात्र "हे बघ किती छान पुस्तक" करत मागे लागतो. त्यांना शिक्का बघायचाय तर बघू द्या की.

आता लायब्ररी कुठली. पुण्यात तोटा नाही. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ सालचं, पुणे मराठी ग्रंथालय नारायण पेठेत १९११ पासून आहे, विश्रामबागवाड्यात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, शिवाय जवळजवळ प्रत्येक भागात एखादं छोटं वाचनालय असतंच, देवळाच्या वर किंवा एखाद्या मंडळाच्या हॉलमध्ये, फक्त आपण त्याच्या खालून रोज जातो आणि पाटी वाचत नाही. नाव मोठं की छोटं हे बघू नका. फोन करून दोन गोष्टी विचारा. पहिली, बालविभाग मुक्तद्वार आहे का? म्हणजे मुलांना स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक हातात घेता येतं, का चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि आतून कोणीतरी आणून देणार? चिठ्ठीवालं असेल तर मोठ्यांसाठी ठीक आहे, तीन-चार वर्षांच्या पोराला त्यात काही मजा नाही, त्याला नावच माहीत नसतं तर चिठ्ठीवर लिहिणार काय. दुसरी गोष्ट, बालविभाग आणि अभ्यासिका एकाच हॉलमध्ये आहेत का.

हा दुसरा प्रश्न आम्ही अनुभवातून शिकलो. सुरुवातीला जिथे गेलो (नाव घेत नाही) तिथे मुलांचं कपाट थेट अभ्यासिकेच्या आत, आणि अभ्यासिकेत एमपीएससीची मुलं रांगेने माना खाली घालून बसलेली, पंख्याचा आवाज सोडला तर काही नाही. धाकट्याने हत्तीचं चित्र बघून जो काय चीत्कार केला, सगळ्या माना एकदम वर. काऊंटरवरच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "सहाच्या आतल्यांना आणत जाऊ नका, इथे मुलांच्या करिअरचा प्रश्न असतो". त्या मुलांची काही चूक नाही, ती गाव सोडून इथे अभ्यासाला आलेली असतात, पण आमच्या हत्तीची पण चूक नव्हती. शिवाय सहाच्या आतलं मूल बालविभागात चालत नसेल तर मग बालविभाग नेमका कोणासाठी हे मला अजून कळलेलं नाही. असो.

मग सध्याची मिळाली. दोन मजली जुनी इमारत, खाली पेपर वाचायची टेबलं आणि पुस्तकांची देवघेव, वर मागच्या बाजूला मुलांची खोली, चटई घातलेली. दारावर पाटी, शासनमान्य, 'अ' वर्ग. थोरली म्हणाली, "आई, इथे फक्त अ चा वर्ग भरतो का, मला तर सगळं वाचता येतं". तिला काय सांगणार, की बाळा महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि सरकार वाचनालयांना अ, ब, क, ड अशा श्रेणी देतं आणि त्याप्रमाणे अनुदान ठरतं. पण मोठ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. ही बहुतेक वाचनालयं संस्था चालवतात, सरकारी अनुदान, वर्गणी आणि देणग्या एवढ्यावर सगळं भागवायचं असतं, पगार, वीज, नवीन पुस्तकं, सगळं. त्यामुळे दुपारी बंद का, एसी का नाही, माणसं एवढी कमी का, असले प्रश्न काऊंटरवर विचारून काही होत नाही.

मेंबर होणं सोपं आहे पण एका खेपेत होईल असं धरून चालू नका. फॉर्म, फोटो, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा (आमचं भाड्याचं घर, त्यामुळे अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स), अनामत रक्कम, वर्गणी, आणि एका जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही. ही सही कुठून आणायची म्हणून मी विचारात पडले होते तर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी मान वर न करता "आणा इकडे" म्हणून सही ठोकली, वर "पुस्तकं वेळेत परत करा, नाहीतर मला फोन येईल". अनामतीची पावती नीट ठेवा, मेंबरशिप बंद करताना ती परत मागतात. बालसभासदाचं कार्ड वेगळं काढा, पैसे फार जात नाहीत आणि कार्डावर स्वतःचं नाव असणं हे प्रकरण पोरांसाठी आधार कार्डापेक्षा मोठं असतं. आमच्याकडे शाळेत जाणाऱ्यांनाच कार्ड मिळतं त्यामुळे धाकट्याची पुस्तकं माझ्या कार्डावर, यावर तो अजूनही नाराज आहे.

जायचं कधी, तर सकाळी. दुपारी एक ते चार पुण्यात काय चालू असतं हे मी सांगायला नको. संध्याकाळी उघडते पण तेव्हा धाकटा पेंगुळलेला असतो आणि लक्ष्मी रोडला ट्रॅफिक. आम्ही शनिवारी सकाळी मेट्रोने डेक्कनला उतरतो आणि भिडे पुलावरून चालत पेठेत. गाडी आणायची तर पार्किंग शोधण्यातच अर्धा तास जातो, त्यापेक्षा मेट्रोमुळे पोरांची निम्मी मजा तिथेच वसूल होते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल पाण्याखाली, तेव्हा लकडी पुलावरून वळसा. अशाच एका दिवशी सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी पोरांना १२ जुलै १९६१ ची गोष्ट सांगितली, पानशेत धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला, आणि पेठांमध्ये पाणी शिरलं, घरात भिजलेली पुस्तकं नंतर कित्येक दिवस गच्चीवर वाळत घातली होती आणि तरी पानं एकमेकांना चिकटलेलीच राहिली. थोरलीने लायब्ररीत पोचल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेल तर "तुमची पुस्तकं कुठल्या मजल्यावर आहेत? पाणी आलं तर?"

आत गेल्यावरचा आमचा नियम एकच, ज्याचं पुस्तक त्याने निवडायचं. आणि हे वाटतं तेवढं सोपं नाही हां. थोरली हाताशी धरून बसते ती जाड जाड पुस्तकं, तिला त्यातलं एक पान वाचून होत नाही पण जाड पुस्तक घेऊन जिना उतरायचा असतो. घेऊ द्यावं. दुसरं एखादं बारीक पुस्तक मी माझ्या कार्डावर गुपचूप घेते आणि घरी सोफ्यावर टाकून ठेवते, बऱ्याचदा तेच वाचलं जातं. धाकटा तर सारखं एकच पुस्तक आणतो, परत करतो, पुन्हा तेच आणतो. एक दिवस ते दुसरं कोणीतरी नेलेलं होतं तर तो कपाटापुढे बसूनच राहिला, मग लायब्ररीतल्या ताईंनी त्याला रजिस्टर उघडून दाखवलं की हे बघ, एका मुलीने नेलंय, ती आणून देईल तेव्हा तुला. ती मुलगी कोण, तिला पण ते आवडतं का, ती फाडणार तर नाही ना, हे सगळं आम्ही आठवडाभर ऐकलं. नवीन पुस्तक विकत आणून दिलं असतं, अप्पा बळवंत चौक पाच मिनिटांवर आहे, पण मी मुद्दाम नाही आणलं. आपली वस्तू दुसऱ्याकडे आहे आणि ती आपली पण नाही, हे त्याला दुसरं कुठे कळणार होतं.

पुस्तकं सगळी नवी चकाचक नसतात हे आधीच सांगते. किशोरचे जुने अंक बांधून ठेवलेले असतात, त्यांना तो जुन्या कागदाचा वास, काही पानांवर कुणीतरी मिशा काढलेल्या. किशोर बालभारतीने १९७१ ला सुरू केला, जुने अंक आता त्यांच्या साइटवर फुकट आहेत, पण मिशा मात्र लायब्ररीतच. काही पुस्तकांवर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का असतो, कोलकात्याची ही संस्था १९७२ पासून देशभरातल्या सार्वजनिक वाचनालयांना पुस्तकांसाठी मदत करते. थोरलीची ठाम समजूत आहे की हे सगळे शिक्के सही देणाऱ्या त्या आजोबांचे आहेत.

आणि हो, फाटण्याबद्दल. फाटणारच. आमच्याकडे धाकट्याने एका पानाचे दोन तुकडे केले, घडी उघडणारं चित्र होतं आणि त्याने ते उलट्या बाजूने उघडलं. नवरा सेलोटेप घेऊन बसणार एवढ्यात मी आधी लायब्ररीत फोन केला, तर ते म्हणाले काही लावू नका, तसंच घेऊन या. नेलं. मागच्या खोलीत एक काका पुस्तकांची दुरुस्ती करतात, टेबलावर खळीची वाटी, एक बारका ब्रश, पातळ पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि वजनाला एक जुना वरवंटा. त्यांनी दोन्ही तुकडे काचेवर ठेवून कडा जुळवल्या, फाटलेल्या रेषेवर खळ इतकी पातळ लावली की कागद फक्त ओलसर दिसत होता, वर पट्टी, नखाने दाबली, मग दोन्ही बाजूंना मेणकागद घालून पुस्तक मिटलं आणि वर वरवंटा. बोलता बोलता म्हणाले, सेलोटेप दोन-चार वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि मग ती काढायला गेलं की अक्षरं घेऊनच निघते. धाकटा हे सगळं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होता, एकदाही हललेला नाही, जो मुलगा जेवताना ताटासमोर दोन मिनिटं बसत नाही. शेवटी त्याला वरवंट्यावर हात ठेवायला दिला, "दाब" म्हणाले. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून घरी कुठलंही पुस्तक उलटं ठेवलं की आमच्यावर तो ओरडतो, स्वतः फाडायचा पूर्ण थांबलाय असं मात्र नाही.

उशिराचा दंड लागतो, रोजचा थोडा थोडा, चिडू नका, भरा. दंडाचे पैसे मी थोरलीला तिच्या हाताने द्यायला लावते, पावती पण तीच घेते. पुस्तकं हरवू नयेत म्हणून घरी एकच पिशवी, दाराच्या मागच्या खुंटीला, वाचून झालं की पिशवीत. शाळेच्या पुस्तकांत मिसळू देऊ नका, एकदा का ती दप्तरात गेली की शोधा. परत द्यायची तारीख मागच्या चिठ्ठीवर असते, ती पोरांना वाचायला लावा, आमच्याकडे तारीख-महिना वाचायला तिथेच शिकणं झालं.

पंधरा-वीस मिनिटांत कंटाळली तर निघा, बळजबरीने बसवून ठेवू नका. कधीकधी आम्ही फक्त बदलून, शिक्का मारून, खाली पाणी पिऊन परत येतो. अभ्यासिकेतली मुलं आमच्याकडे वरच्या मजल्यावर आहेत, ती चहाला खाली उतरताना मुलांच्या खोलीत डोकावतात, एखादा उभ्याउभ्याच चित्राचं पुस्तक चाळतो आणि परत जातो, त्यांना कोणी हटकत नाही हे मला आवडतं.

आता दिवाळीच्या तोंडावर दिवाळी अंकांची योजना निघालीय, ठरावीक पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे, एका वेळी एकच. मुलांचे अंक पण त्यात असतात. अडचण अशी की थोरलीला मुलांचा हवा, सासूबाईंना त्यांचा हवा, आणि नाव नोंदवलंय एकच. सध्या वाटाघाटी चालू आहेत, आजी म्हणते सम तारखा माझ्या. नोंदणी लवकर संपते, तुम्हाला करायची असेल तर याच आठवड्यात जाऊन या, आणि सुट्टे पैसे न्या, काऊंटरवर नसतात.