उसाआडचे ऋतू

कोल्हापूरच्या आसपास निसर्गचित्र काढायला बसणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे ऊस. ऊस ऋतू झाकून टाकतो. शिरोळकडं निघा, श्रावणातही हिरवं आणि पौषातही हिरवंच. चित्रामागं महिना लिहिला नाही, तर पुढं आपलं आपल्यालाच ओळखू येत नाही.

मग बारीक खुणा शोधाव्या लागतात. थंडीच्या तोंडावर तुरे येतात आणि सकाळच्या तिरक्या उन्हात शिवारावर रुपेरी-जांभळट साय धरते. (तुरा आला की ऊस पोकळ पडतो, वजन घटतं, तेव्हा बांधावर उभं राहून मालकापुढं त्याचं कौतुक करू नये.) पुढं तोडणी, फिकट पिवळं पाचट, कुठं ते पेटवून काळं झालेलं रान, गुऱ्हाळाचा धूर. हा आमचा हिवाळा. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) या दोन रंगांत बराचसा भागतो.

कॅलेंडरवरची नारिंगी पानगळ इकडं कुणी शोधू नये. आपल्याकडं झाडं लाल होतात ती पालवी फुटताना. चैत्रात पिंपळ तांबूस लकाकतो, राधानगरीकडच्या रानात कुसुंब लालभडक होतो. त्याच महिन्यात जोतिबाचा डोंगर गुलालानं माखतो. तो गुलाबी कागदावर आणणं अवघड, आणि आणला तरी टिकवणं त्याहून अवघड. असले झगझगीत गुलाबी रंग बहुतेक उन्हानं उडतात.

आबालाल रहमान मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, आणि १९३१ साली जाईपर्यंत कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच बघत राहिले. तीच तळी, तेच काठ. बदलायचा तो उजेड. विषय संपले म्हणणाऱ्यांनी त्यांची जलरंगातली चित्रं एकदा जवळून बघावीत.

जलरंगात ऋतू निम्मा पाण्यातूनच येतो. एप्रिलच्या दुपारी पंचगंगेच्या घाटावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, खाली उतरेपर्यंत वरचा भाग सुकलेला असतो. कडा कडक येतात, दगडी मंदिरांची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते, आणि ऊनही तसंच असतं! आषाढात उलटं. हवाच इतकी ओली की कागद सुकायचं नाव घेत नाही. आभाळ ओघळून झाडांत शिरतं, झाडं गढूळ तांबड्या पाण्यात. काढणारा वैतागतो खरा, पण समोर तरी दुसरं काय चाललेलं असतं?

हल्ली वर्गात हेअर ड्रायर लावून वॉश सुकवतात. स्पर्धेची घाई असेल तर हरकत नाही. एरवी त्या चित्राखाली ‘आषाढ’ लिहू नये, एवढंच.