लॉगिन करताच सर्व्हरची खबरबात

पणजीतल्या आमच्या कार्यालयातील उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर लॉगिन करताच दिसणारा संदेश मी नुकताच बदलला. पावसाळ्यात इथे वीज वारंवार जाते आणि यंत्र केव्हा पुन्हा सुरू झाले, डिस्क किती भरली, हे पहिल्याच नजरेत कळणे मला अत्यावश्यक वाटते.

ईटीसी डिरेक्टरीतील 'अपडेट-एमओटीडी.डी' (एमओटीडी म्हणजे 'मेसेज ऑफ द डे', लॉगिनचा हाच संदेश) या फोल्डरमधील स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या छोट्या फाइली, लॉगिनच्या वेळी पॅम या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेचे मॉड्यूल नावांच्या क्रमाने चालवते. म्हणून नावाआधी 10, 50, 99 असे आकडे असतात. माझ्या 60 क्रमांकाच्या स्क्रिप्टमध्ये 'अपटाइम -पी' (यंत्र किती वेळ सुरू आहे) आणि 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली) या दोन मुख्य आज्ञा आहेत. फाइलला एक्झिक्यूट, म्हणजे चालवण्याची, परवानगी हवी आणि नावात टिंब नको. शेवटी 'डॉट एसएच' लावल्यास ती फाइल मुकाट्याने वगळली जाते, आणि हे कोणी सांगितल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याच्या, अधिकाराने चालतात, त्यामुळे त्या फोल्डरमध्ये इतर कोणालाही लिहू देऊ नये. बॅकअपची तपासणी वेळखाऊ असल्याने ती मी क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सेवेकडे, सोपवली आहे. क्रॉन निकाल एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि स्क्रिप्ट तेवढी ओळ दाखवते.