यूएसबी वाय-फाय अडॅप्टरांची लेबले: कामाची प्रगती

माझ्या संग्रहातील अडॅप्टरांवर ‘लिनक्सवर चालते’ एवढेच लिहिलेल्या पट्ट्या होत्या. त्या काढून प्रत्येकावर चिपचा ओळख-क्रमांक, ड्रायव्हर (संगणकाला ते उपकरण चालवता यावे म्हणून लागणारा प्रोग्रॅम), फर्मवेअरचा (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रकार आणि ज्या कर्नलवर, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यावर, चाचणी केली त्याची आवृत्ती लिहिण्याचे काम आता बरेच पुढे गेले आहे.

मॉडेलच्या नावावर विसंबून चालत नाही, हे टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनवरून उत्तम कळते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ चिप आहे, तर दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची चिप आली. मॉडेलचे नाव मात्र तेच राहिले आणि आवृत्तीचा आकडा मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. अडॅप्टर जोडून ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा दिली की शंका उरत नाही: पहिली आवृत्ती ०सीएफ३:९२७१ असा क्रमांक दाखवते आणि दुसरी २३५७:०१०सी. त्यामुळे लेबलवर सर्वांत वर, ठळक अक्षरांत, हाच क्रमांक लिहितो.

फर्मवेअरच्या रकान्याला मी सर्वाधिक वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरी चिपवर चढवायची फर्मवेअरची फाइल बंदिस्त, म्हणजे स्रोत खुला नसलेली, असू शकते. एआर९२७१च्या फर्मवेअरचा स्रोत २०१३ मध्ये खुला झाला, म्हणून डेबियन ही लिनक्स-आधारित प्रणाली ते आपल्या मुख्य विभागातच देते. रिअलटेकच्या चिपसाठी लागणारी फाइल मात्र ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागातून येते. डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर समाविष्ट असल्याने नवख्या माणसाची मोठी सोय झाली, पण त्याच सोयीमुळे हा फरक वापरणाऱ्याच्या नजरेआड होतो.

मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेचे, मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या उपकरणांसाठीचे ‘रिस्पेक्ट्स युवर फ्रीडम’ हे प्रमाणचिन्ह इथे मोलाचे ठरते, कारण ते ठरावीक विक्रेत्याच्या ठरावीक उत्पादनाला मिळते आणि थिंकपेंग्विन या विक्रेत्याच्या एआर९२७१वर आधारलेल्या अडॅप्टरालाही ते मिळालेले आहे. तीच चिप असलेल्या इतर अडॅप्टरांवर ते चिन्ह नसते. त्यांच्यासाठी आपणच केलेली नोंद उपयोगी पडते.

आता ब्लूटूथचे डोंगल हाती घेत आहे. त्यांत एकाच ओळख-क्रमांकाखाली वेगवेगळ्या चिप सापडतात, त्यामुळे लेबलवर ‘डीमेसेज’मधील (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेतील) चिपच्या नोंदीसाठी आणखी एक ओळ वाढवावी लागेल.