इतकी वर्षं कोणाला दिसले कसे नाहीत?

गुहागरपासून हर्णैपर्यंत शाळांमधून, वाचनालयांमधून आकाशावर बोलायला जाते. पल्सारचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. विचारणारा कधी बारावीतला मुलगा असतो, तर कधी समुद्रावर आयुष्य काढलेला एखादा तांडेल. "बाई, हे तारे लाखो वर्षं ठोके देतायत. रेडिओ दुर्बिणीही पन्नास-साठ वर्षं आकाशाकडे कान लावून आहेत. मग हे विचित्र पल्सार आत्ता कुठे सापडायला लागले? इतकी वर्षं कोणाला दिसले कसे नाहीत?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहून काढते आहे, कारण व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळात हे उत्तर मावत नाही.

सूर्यापेक्षा कितीतरी जड असलेला तारा स्फोट होऊन संपतो, तेव्हा त्याचा गाभा स्वतःच्या वजनाखाली आत कोसळतो. उरतो तो न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट, व्यास मात्र जेमतेम वीस किलोमीटर. तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांपासून निघणारा रेडिओ लहरींचा झोत अवकाशात फिरत राहतो. तो झोत दर फेरीत पृथ्वीवरून गेला की आपल्याला एक ठोका मिळतो. जयगडचं दीपगृह पाहिलेल्या माणसाला हे फार समजावावं लागत नाही. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची रीत वेगळी असते आणि रात्री समुद्रावर त्यावरूनच कळतं की समोरचा किनारा कोणता. पल्सारही त्याच्या ठेक्यावरून ओळखतात.

आता असं समजा, की एखाद्याने मनाशी ठरवलं, अर्ध्या मिनिटात झोत दिसला नाही तर तिथे दिवाच नाही. तासातून तीनदा चमकणारा दिवा त्याला जन्मात सापडायचा नाही. माझं उत्तर एवढंच आहे. ते तारे दिसत होते, पुष्कळदा नोंदलेही जात होते. शोधायची जी रीत आपण ठरवली होती, तिच्यात ते बसत नव्हते.

पहिला पल्सार सापडला तोही असाच. १९६७ साली केंब्रिजजवळ साडेचार एकरांवर खांब आणि तारा उभारून एक रेडिओ दुर्बीण तयार झाली. ती उभारायला हातभार लावणारी जोसलिन बेल तेव्हा पीएचडी करत होती. दुर्बिणीतून रोज तीसेक मीटर कागद बाहेर पडे आणि त्यावरची रेघ ती स्वतः डोळ्यांनी तपासायची. चारशे फूट कागदात तिला पाव इंचाची एक विस्कटलेली खूण दिसली. जवळून जाणाऱ्या मोटारीची ठिणगी म्हणून ती सोडून देता आली असती, तशा खुणा कागदावर खूप असायच्या. पण ही खूण आधीही पाहिल्याचं तिच्या लक्षात होतं, आणि तीही आकाशाच्या त्याच भागातून आलेली. शिवाय ती ताऱ्यांच्या वेळेने येत होती. मृग नक्षत्र रोज चार मिनिटं आधी उगवतं, तशी ही खूणही रोज चार मिनिटं आधी यायची. माणसाने केलेला गोंधळ घड्याळाने चालतो, ताऱ्यांच्या वेळेने सहसा चालत नाही. नोव्हेंबरमध्ये कागद जास्त वेगाने पळवून नोंद घेतली, तेव्हा त्या खुणेतून सुटे ठोके निघाले, दर १.३३ सेकंदाला एक.

परग्रहवासीयांची शंका तेव्हा खरोखरच घेतली गेली. पण डिसेंबरमध्ये बेललाच आकाशाच्या दुसऱ्या टोकाला १.२ सेकंदांचा आणखी एक स्रोत सापडला आणि ती शंका मागे पडली. दोन वेगळ्या संस्कृतींनी एकाच वेळी एकाच पद्धतीने पृथ्वीला हाका माराव्यात, हे कोण मानेल? १९७४ चं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राईल यांना मिळालं, तिला नाही. मला हा अन्याय वाटतो आणि मी तो मुलांना दर वेळी सांगते. २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला. ती सगळी रक्कम तिने भौतिकशास्त्रात ज्यांची संख्या कमी आहे अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली. हेही सांगते.

पुढे संगणक आले. रेघ डोळ्यांनी बघायची गरज उरली नाही, पण संगणकाला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं. १९८२ पर्यंत सगळा भर सेकंदाच्या आगेमागे फिरणाऱ्या ताऱ्यांवर होता. एक रेडिओ स्रोत यादीत आधीपासून होता आणि त्याचं वागणं कोड्यात टाकणारं होतं. डोनाल्ड बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरेसिबोच्या दुर्बिणीने त्याच्यावर खूप जलद नोंदी घेतल्या, तेव्हा तो सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पल्सार निघाला. त्या सहकाऱ्यांमध्ये आपल्या कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा विद्यार्थीच. नोंदीचा वेग पुरेसा नसता तर ते सगळे ठोके एकमेकांत मिसळून गेले असते.

मग दुसऱ्या तऱ्हेचे आले. पल्सार शोधायची नेहमीची पद्धत अशी, की लांबलचक नोंद घ्यायची आणि तिच्यात ठरावीक ठेक्याने परत परत काय येतं ते गणिताने गाळून काढायचं. एखादाच ठोका देऊन गप्प होणारा तारा या गाळणीतून निसटतो. मॉरा मॅकलॉफलिन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या नोंदींत सुटे ठोके शोधले आणि २००६ मध्ये असे ११ तारे जाहीर केले. काही मिलिसेकंदांचा एक ठोका, मग चार मिनिटं ते तीन तास शांतता. दिवसभरात यांचा आवाज एकूण एक सेकंदही ऐकू येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त अचंबा वाटतो तो संथ ताऱ्यांचा. तारा फार हळू फिरायला लागला की रेडिओ लहरी निर्माण करणाऱ्या कणांच्या जोड्या बनणं थांबतं आणि तो मुका होतो, असं सिद्धांत सांगत होता. १९९९ मध्ये ८.५ सेकंदांचा पल्सार सापडला तेव्हाच त्या हिशेबाला धक्का बसला. २०१८ मध्ये २३.५ सेकंदांचा आला. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने ७६ सेकंदांचा दाखवला. त्याच वर्षी आणखी एक स्रोत जाहीर झाला, १८ मिनिटांनी एकदा उजळणारा. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचा विद्यार्थी टायरोन ओडोहर्टी याने तो २०१८ च्या साठवलेल्या नोंदींतून शोधून काढला होता. हे संथ स्रोत इतके दिवस का निसटले? एक तर शोध सहसा काही सेकंदांपर्यंतच्या ठेक्यांचा व्हायचा. दुसरं म्हणजे मंद चढउतार हा यंत्राचा दोष समजून तो गणितात आधीच पुसून टाकतात. त्याबरोबर तारेही पुसले जातात.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. २०२३ मध्ये साधारण २२ मिनिटांच्या ठेक्याचा एक स्रोत जाहीर झाला. सापडल्यावर नताशा हर्ली-वॉकर यांच्या गटाने जगभरातल्या जुन्या नोंदी उघडल्या. अमेरिकेतल्या नोंदींत तो १९८८ पासून होता. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतही होता. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, मराठी मुलुखात उभ्या. त्यांनी तो तारा टिपून ठेवला होता, फक्त तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

हे सगळे न्यूट्रॉन तारेच आहेत असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन तासांच्या ठेक्याचा एक स्रोत श्वेत बटू (सूर्यासारखा तारा विझल्यावर उरलेला गाभा) आणि लाल बटू (लहान, थंडसर तारा) यांची जोडी निघाला. २२ मिनिटांच्या स्रोतावर वाद चालू आहे. हा वाद मला आवडतो, कारण तो मतांवर नाही, मोजमापांवर चालला आहे.

मुलं पुढे विचारतात, ठोका खरोखर आकाशातला आहे हे कळतं कसं? तारे आणि आपण यांच्यामधल्या जागेत विखुरलेले इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यातून येताना कमी कंप्रतेच्या लहरी मागे पडतात आणि जास्त कंप्रतेच्या आधी पोचतात. मोबाईलच्या टॉवरमधून आलेल्या ठोक्यात हा उशीर नसतो. उशीर किती, त्यावरून तारा किती दूर याचा अंदाजही बांधता येतो.

तांडेलांचा प्रश्न वेगळा असतो: "आम्हाला काय दिसेल?" पल्सार डोळ्यांना दिसणार नाही. पण जीएमआरटीने शोधलेला पहिला पल्सार, २००४ सालचा, एनजीसी १८५१ या तारकागुच्छात आहे आणि तो गुच्छ दाखवता येतो. जानेवारीच्या रात्री दक्षिणेला अगस्त्य शोधा. त्याच्या वर, थोडं उजवीकडे दुर्बीण फिरवली की एक धूसर ठिपका सापडतो. पावसाळ्यात चार महिने आमचं आकाश बंद असतं, पण खोडदच्या अँटेना ढगांमुळे थांबत नाहीत. त्यांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुल्या होतात. बारावीनंतर ज्याला हे काम करायचं असेल त्याला माझं सांगणं असतं, की आधी प्रोग्रॅमिंग शिक, आणि पहिल्या नोंदीतला कचरा फेकण्याआधी तो एकदा उघडून बघ.