मेलबर्नचा पाचवा दिवस

डिसेंबर २०२४, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मेलबर्न कसोटी. पहाटे पाचचा गजर लावून टीव्हीसमोर बसलो होतो. जिंकायला लागणाऱ्या ३४० धावा जमतील असं वाटत नव्हतंच, पण ड्रॉ तरी काढतील! शेवटी १५५ वर गारद, १८४ धावांनी हरलो.

आणि आपला कप्तान रोहित शर्मा. चाळीस चेंडू खेळून ९ धावा. खरं सांगायचं तर सुरुवातीला बरं वाटत होतं, बाहेरचे चेंडू सोडत होता, घाई नव्हती. मग कमिन्सचा एक चेंडू लेगला वळवायला गेला, कड लागली आणि गली या जागी उभ्या मार्शच्या हातात झेल. त्याच षटकात राहुलही गेला. या मालिकेत रोहितच्या धावा ३, ६, १०, ३, ९. पाच डावांत ३१! तिकडे बुमराहचे एकट्याचे ३० बळी झालेत, म्हणजे कप्तानाच्या धावा आणि बुमराहचे बळी यांची शर्यत चाललीय.

चहापानापर्यंत ३ बाद ११२. यशस्वी जैस्वाल उभा, पंत उभा. ऑफिसला जाताना लोकलमध्ये मोबाइलवर बघत होतो, शेजारचे काकाही मान वाकडी करून बघत होते. पंतने हेडचा चेंडू उचलून मारला, लाँग ऑनला झेल. काका म्हणाले, "आता बंद कर रे, डेटा वाचव."

रोहित बोरिवलीचा पोरगा, म्हणून मी त्याची बाजू घेत आलोय. न्यूझीलंडने घरात ३-० धुतलं तेव्हाही घेतली. पण सिडनीच्या पुढच्या कसोटीत त्याने स्वतःहूनच बाहेर बसावं, असं आज पहिल्यांदा वाटलं. या सामन्यात गिलला बाहेर बसवून राहुलला तीन नंबरवर ढकलायचं, ते कशासाठी?