तुम्ही विचारलंत म्हणून: चिखलातली कवचे आणि समुद्राची जुनी पातळी

खाडीकाठचा चिखल चाळण्याचे माझे काम कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: डोळ्यांना धड दिसतही नाहीत अशा एकपेशीय जिवांच्या कवचांवरून पूर्वी समुद्र कुठवर येत होता, हे कसे सांगता? शंका रास्त आहे. फोरॅमिनिफेरा नावाच्या या जिवांनी एके काळी शास्त्रज्ञांनाही चकवले होते. १८२६ साली त्यांना हे नाव देणाऱ्या दॉर्बिन्यी यांनी त्यांची गणना माखलीच्या कुळात केली होती आणि हे जीव एकपेशीय असल्याचे दुजार्दँ यांनी १८३५ मध्ये दाखवून दिले.

उत्तराचा गाभा असा की भरती-ओहोटीच्या पट्ट्यात प्रत्येक जागा किती वेळ पाण्याखाली असते, यावर तिथे कोणती जात टिकेल हे बरेचसे ठरते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सखल चिखलात अमोनिया ही चुन्याच्या कवचाची जात विपुल सापडते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फुगीर कप्पे शंखासारखे एकाहून अधिक वळशांत गुंडाळलेले दिसतात. फक्त उधाणाचेच पाणी पोहोचते अशा वरच्या, गवताळ दलदलीत मात्र ट्रोकॅमिना इन्फ्लाटासारख्या जाती राहतात, ज्या मातीचे बारीक कण चिकटवून आपले कवच बांधतात. ट्रोकॅमिनाचे आतले जुने कप्पे गडद तपकिरी असतात आणि बाहेरचा शेवटचा कप्पा त्या मानाने फिकट असतो. डेव्हिड स्कॉट आणि फ्रँको मेडिओली यांनी १९७८ मध्ये दाखवले की दलदलीतले हे पट्टे समुद्राची जुनी पातळी अचूक सांगतात. म्हणजे जमिनीत नळी खुपसून काढलेल्या मातीत ज्या थरात वरच्या पट्ट्यातल्या जाती मिळतील, तो थर साचला तेव्हा भरतीची कमाल रेषा त्याच्या जवळपास होती.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन किनाऱ्यावर आहे. तिथे दलदलीच्या काळ्या मातीवर अचानक खाडीचा चिखल येऊन बसलेला दिसतो आणि त्या सीमेपाशी फोरॅमिनिफेराही एकदम बदलतात: खाली उंच दलदलीतले, वर सखल चिखलातले. किनारा भूकंपाने क्षणात खचला, हाच त्याचा अर्थ. त्या भूकंपाची २६ जानेवारी १७०० ही तारीख जपानमधल्या त्सुनामीच्या नोंदींमुळे कळली. जमीन किती खाली गेली, याचा अंदाज मात्र कवचांनी दिला.

या पद्धतीवर डोळे झाकून विसंबणे मला मान्य नाही. कुजणाऱ्या पाल्याने आम्लधर्मी झालेल्या मातीत चुन्याची कवचे विरघळून जातात, त्यामुळे अमोनिया दिसली नाही म्हणजे ती तिथे नव्हतीच, असे म्हणता येत नाही. जिवंत आणि मेलेले नमुने ओळखण्यासाठी आम्ही रोझ बेंगाल हा रंग वापरतो, पण नुकत्याच मेलेल्या जिवाचा पेशीरसही त्याने गुलाबी होतो. शिवाय परदेशातल्या गवताळ दलदलीची मोजपट्टी आपल्या तिवरांच्या चिखलाला जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून कोकणातल्या खाडीत आधी आजच्या जाती कोणत्या उंचीवर राहतात, हे पाण्याच्या पातळीशी ताडून मोजावे लागते, आणि खेकड्यांनी बिळे खणून थर खालीवर केलेले नाहीत ना, हे पाहिल्यावरच जुन्या मातीकडे वळता येते.