तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांच्या बोलण्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही का?

‘लोक एवढं बोलतात, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?’ आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं हे विचारतात, सहकारी विचारतात, नात्यातल्या बायकाही विचारतात. उभ्या उभ्या उत्तर दिलं की ते अर्धवट राहतं, म्हणून आज बसून लिहिते आहे.

वाटतं. टोचणारं बोलणं मलाही टोचतं. फरक एवढाच पडलाय, की ते पूर्वीइतकं खोल जात नाही.

खूप वर्षांपूर्वी एका वरिष्ठांनी चारचौघांत मला सांगितलं होतं, ‘तुम्ही कष्टाळू आहात, पण तुमच्या शब्दाला वजन नाही.’ ते वाक्य मी सहा वर्षं उशाशी घेऊन झोपले. कुठेही बोलायला तोंड उघडलं की आधी तेच ऐकू यायचं. कुणी कौतुक केलं तर दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडे बघणं सुरू. मी कोण आहे हे रोज दुसऱ्याने सांगायचं आणि मी ते खरं मानायचं, असं चाललं होतं. निंदेइतकीच स्तुतीनेही मी बांधलेली होते, हे कळायला मात्र फार वेळ लागला.

तेव्हाही मी ख्रिस्तीच होते. देव माझ्यावर प्रीती करतो हे लहानपणापासून पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट कधी कधी ऐकूच येत नाही.

मग एकदा बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, पहिला अध्याय वाचताना मी थांबले. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो आणि आकाशातून वाणी होते: तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. ही वाणी कधी होते ते बघा. तोवर त्याने एकही शिष्य बोलावलेला नाही, एकाही रोग्याला बरं केलेलं नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो की तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता, आणि त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्पच आहेत. काम सुरू व्हायच्या आधीच पित्याचं समाधान आलं होतं. त्यानंतर लगेच अरण्य, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात परीक्षकाचा, म्हणजे सैतानाचा, पहिलाच शब्द: तू देवाचा पुत्र असशील तर या दगडांच्या भाकरी कर. म्हणजे, सिद्ध करून दाखव. येशूला भूक लागली होती, तरी त्याने काहीही सिद्ध केलं नाही. जे आधीच सांगितलं गेलं होतं, ते त्याला पुरेसं होतं.

मी आयुष्यभर त्या ‘असशील तर’ला उत्तर देत आले होते.

पण ते येशूबद्दल झालं, माझं काय? इथे मला प्रेषित पौलाचा एक शब्द धरून ठेवावासा वाटतो, त्याची पत्रं बायबलमध्ये आहेत: दत्तक. रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तो म्हणतो की ख्रिस्तामध्ये आपल्याला दत्तकपण मिळालं आहे. रोमन जगात दत्तक घेतलेल्याला नव्या घराचं नाव आणि वारसा मिळायचा. आणि दत्तकपण काही गुण मिळवून कमावता येत नाही, घेणारा आपण होऊन घेतो. माझ्या शब्दाला वजन आहे की नाही, हा प्रश्नच तिथे निघत नाही.

एका मुलाने मला नेमकं विचारलं होतं, ‘मग तुम्ही फक्त न्यायाधीश बदललात ना?’ हो, बदलला. पण ज्याच्याकडे गेले त्याने निकाल लावायच्या आधी माझी शिक्षा स्वतःवर घेतली, वधस्तंभावर. लोकांनी यातलं माझ्यासाठी काय केलं होतं? आणि मी स्वतः तरी? पौल करिंथकरांना लिहितो की तुम्ही माझा न्याय करावा ही मला अगदी लहान गोष्ट वाटते, मी स्वतःचाही न्याय करत नाही. यातला दुसरा भाग मला जास्त अवघड गेला. लोक विसरून जातात, मीच रात्री खटला चालवत बसते.

याचा अर्थ कुणाचं ऐकायचंच नाही, असा मात्र लावू नका. पेत्र येशूचा शिष्य आणि प्रेषित होता, तरी अंत्युखिया शहरात काही माणसांच्या भीतीने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून मागे सरला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. ते सुनावणं गरजेचं होतं. त्या वरिष्ठांच्या वाक्यातही थोडं तथ्य होतं, मी खरंच घाबरत बोलायचे. पण ते वाक्य माझं नावच होऊन बसलं होतं तोवर मला त्यातून काही शिकता आलं नाही.

डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकाने 1944 मध्ये नाझींच्या तुरुंगात ‘मी कोण?’ या अर्थाची एक कविता लिहिली. पहारेकऱ्यांना तो शांत, धीराचा दिसायचा, आत मात्र पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तडफडायचा. यातला खरा मी कोणता, हे तो शेवटपर्यंत ठरवत नाही. जो कोणी असेन, देवा, तू मला ओळखतोस, मी तुझा आहे, एवढं म्हणून थांबतो. 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिली. स्वतःबद्दलचा गोंधळ न सुटताही माणूस देवाच्या हातात राहू शकतो, हे मला त्याच्याकडून कळलं, आणि त्याचा मला फार आधार वाटतो.

परवाच एका बैठकीत माझं म्हणणं सगळ्यांनी बाजूला सारलं. रात्री जुना खटला पुन्हा उभा राहिला, साक्षीदारांसकट. मी उठून बसले. मोठी प्रार्थना सुचेना. ‘अब्बा, बापा’, एवढंच म्हणत राहिले. दोन वाजले होते. अडीचच्या सुमारास झोप लागली. पूर्वी उजाडायचं.